पंचमीची कातर

हर्सूलच्या पुढं, जळगाव रस्त्याच्या कडेला, एका लिंबाखाली कडूबाचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, हवेचा पंप, पाण्याचं घमेलं आणि बसायला एक जुनं टायर. पण कडूबाचा कान असा तयार की गाडी पुरती थांबायच्या आत तो सांगे, "मागलं चाक. वॉल गळतोय." मग बोटावर थुंकी घेऊन तो वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, तोंडाला लावी आणि बघत राही. बुडबुडा आला की गळती पक्की. त्या एवढ्याशा बुडबुड्यात त्याला लिंब दिसे, आभाळ दिसे, आणि गिऱ्हाईक खोळंबलंय हे तो साफ विसरून जाई. त्याची बायको द्वारकाबाई म्हणे, "त्यात काय पिच्चर लागलाय व्हय?"

असा हा कामसू माणूस वर्षातून एक दिवस मात्र कुचकामी व्हायचा. नागपंचमीला. पंचमीला कापू नये, चिरू नये, खणू नये, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. पण बाकीचे लोक सुरी तेवढी बाजूला ठेवतात आणि पोटभर पुरण खातात. कडूबा दुकान उघडायचा आणि कातरीला हात लावायचा नाही. कातर नाही म्हणजे रबराचा तुकडा नाही, तुकडा नाही म्हणजे पंक्चर नाही. नुसती हवा भरायचा, आणि उरलेला वेळ रस्त्याकडं डोळे लावून बसायचा.

त्याला कारण होतं. सात वर्षांमागं पंचमीच्या दिवशी तो बहिणीला, आवडाबाईला, माहेरी आणायला फर्दापूरला निघाला होता. मागून आणलेली फटफटी होती. वॉल किंचित गळतोय हे त्याला सकाळीच कळलं होतं. पण गिऱ्हाइकांची रीघ लागलेली. त्यांची तीन पंक्चरं काढली आणि स्वतः न्यायच्या गाडीचं म्हणाला, जाईल फर्दापूरपर्यंत. सुताराचा पाट मोडका, तसली गत. गोळेगावापाशी चाक बसलं. पंप घरी, वॉलच्या पिना घरी. पोचला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. आवडा आदल्या दिवशी दिवे लागेपर्यंत रस्त्यावर उभी होती, आणि सासू साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली होती, "पंक्चरवाल्याचीच गाडी पंक्चर!"

"ऱ्हाऊ दे दादा," आवडा एवढंच बोलली. "तू लोकांचीच चाकं फिरव."

घरी आल्यावर आई म्हणाली, "पंचमीला कातर चालवलीस, म्हून तुटलं." ते वाक्य कडूबाच्या काळजात रुतून बसलं. पुढं आई गेली. आवडा आली, दहावं उरकलं तशी परत गेली. पंचमीला मात्र ती कधी आली नाही, आणि हा लाजेनं कधी न्यायला गेला नाही.

चौऱ्याऐंशी सालची पंचमी. श्रावणातलं ऊन लिंबातून गळत होतं. मधूनच चार थेंब पडायचे, पुन्हा ऊन. कडूबा टायरावर बसून अर्धवट झोपेत होता. येणाऱ्या प्रत्येक फटफटीवर मागं कुणीतरी बाई बसलेली त्याला दिसायची, पदर उडायचा, गाडी जवळ यायची आणि मागं कुणीच नसायचं. अशातच त्याच्या कानावर बारीक सूं-सूं आलं. डोळे न उघडताच तो म्हणाला, "मागलं चाक. वॉल."

रामकिसन नावाचा जवान गडी होता. "सोयगावला निघालोय, मामा. भैनीला आणायला. लग्नानंतरची तिची पहिलीच पंचमी हाय. वाट बघत आसंल."

कडूबा खडबडून जागा झाला. थुंकी लावली, बुडबुडा आला. त्यानं वॉलची पिन बदलली. बुडबुडा थांबला. रामकिसन किक मारायला गेला तसा कडूबानं त्याचा हात धरला. वॉल रिममधून वाकडा निघाला होता. कमी हवेवर गाडी दामटली की आत ट्यूब सरकते आणि वॉल बुडातून ओढला जातो. कडूबानं तो अंगठ्यानं जरा दाबला. बुडातून पुन्हा सूं झालं.

"आजच्याला जाईल की मामा."

"नाय जाणार," कडूबा म्हणाला. "गोळेगावला बसंल."

चाक खोललं, लोखंडी टामी घालून टायर उतरवलं, ट्यूब बाहेर काढली. वॉलच्या बुडाशी केसाएवढी चीर होती. तिच्याभोवती रबराची चकती कापून चिकटवायला हवी. नवी ट्यूब आणावी तर सणाची दुकानं बंद. कडूबा चीर बघत बसला. हात कातरीकडं जाईना. पत्र्याआड उभी राहून द्वारकाबाई सगळं बघत होती.

"सात वर्षं नाय कापलंत," ती म्हणाली. "आली का आवडा?"

कडूबानं चिरेवरनं अंगठा फिरवला.

"अवो, न्यायला गेल्याबगर लेकी येत्यात व्हय कुठं?" आणि तिनंच कातर उचलून त्याच्या हातात दिली.

कडूबानं कातर चालवली, चकती गोल निघाली. कानशीनं रबर घासलं, सोल्युशन लावलं, वाळू दिलं, चकती दाबून बसवली. वॉल सरळ करून चाक चढवलं, हवा भरली. घमेल्यातलं पाणी वॉलवर ओतून तो बराच वेळ बघत राहिला. पाणी नुसतं निवांत ओघळून गेलं.

"पाव्हणं," कडूबा म्हणाला, "फर्दापूर तुमच्या वाटंवरच हाय. मला मागं बसवा. पंप घेतो संगं, लागला तर."

मग सारा रस्ता त्याला स्वप्नासारखा वाटला. चौक्याचा घाट हिरवागार, झाडाझाडाला झोके, झोक्यावर नव्या लुगड्यातल्या लेकी. त्या वर जायच्या आणि आभाळात विरघळल्यागत व्हायच्या. पंप पोटाशी धरून कडूबा काय बोलायचं ते मनात जुळवत होता आणि वाऱ्यात ते उडून जात होतं. गोळेगावची ती चिंच आली. तिच्याखाली सात वर्षांमागचा तो स्वतः डोक्याला हात लावून उभा आहे असं त्याला क्षणभर स्वच्छ दिसलं. गाडी थांबली नाही. चिंच मागं पडली.

फर्दापूरला रामकिसननं त्याला आवडाच्या दारात उतरवलं आणि तो पुढं सोयगावला गेला. कडूबाला आता पळून जावंसं वाटत होतं. भ्यायला होता, अगदी सरळ भ्यायला होता. आवडा उंबऱ्यात बसून सुपातल्या लाह्या निवडत होती. केस पिकायला लागले होते. हा माणूस, हा पंप, तिनं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आवडे," तो म्हणाला, "न्यायला आलोय. येश्टीनं जाऊ."

आवडानं सूप खाली ठेवलं.

"सात वर्षं लागली व्हय रं दादा, एक पंक्चर काढायला?"

आवडानं पदरानं डोळे पुसले, वळली आणि आत सासूला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "आत्याबाई, मी माहेराला चालले. भाऊ आलाय माझा."

तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ती आत गेली आणि पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. कडूबा पायरीवर बसला आणि गल्लीतल्या लोकांची पर्वा न करता हमसून हमसून रडला.