ब्रेकनंतरचा रंगय्या

रेणूचा नवरा दौलत चार वर्षं भुताचं काम करत होता आणि त्याच्या ऑफिसात याचा कुणाला पत्ता नव्हता. दिवसा तो विमा कंपनीत कारकून. संध्याकाळी सहाला डबा पिशवीत कोंबून हिमायतनगरच्या एका बोळातल्या स्टुडिओत जायचा. तिथं ‘नऊ दारांचा बंगला’ नावाची तेलुगू मालिका मराठीत यायची. त्या बंगल्याचा मेलेला पहारेकरी रंगय्या मराठीत बोलायचा तो दौलतच्या तोंडून. आवाज हैदराबादेत भरला जायचा, ऐकला जायचा तिकडे लातूर, परभणी, जळगावात. शेवटच्या पाट्यांवर गाडी पुरवणाऱ्याचंसुद्धा नाव असे, दौलतचं नसे.

“आपल्यात भूतखेत कुणी मानत न्हाई,” सासूबाई पार्वतीबाई म्हणायच्या, “आन तूच बसलास व्हय भूत होऊन.” दौलत हसायचा. चिक्कडपल्लीतल्या त्या दोन खोल्यांत रोज सकाळी बुद्धवंदना व्हायची आणि संध्याकाळी सातला टीव्हीवर भूत बोलायचं. दोन्ही आवाज एकाच माणसाचे होते आणि घरात कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तो घरी यायचा तेव्हा घसा पार बसलेला असायचा. रेणू गरम पाण्यात मीठ घालून तांब्या पुढं करायची. “आज पुन्हा ओरडायचं होतं?” ती विचारायची. तो मानेनंच हो म्हणायचा. ओरडायचं काम नेहमी शेवटी ठेवतात, म्हणून घरी येताना आवाज शिल्लक नसतो, हे त्यानं एकदा तिला सांगितलं होतं. तिनं ऐकलं होतं, आणि बायका नवऱ्याच्या कामातलं जसं ऐकतात तसंच ते सोडूनही दिलं होतं.

पावसाळ्यात त्याच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. जिना चढताना दोनदा थांबायला लागलं, मग चारदा. ऑगस्टच्या शेवटी तो हट्टानं स्टुडिओत गेला. त्या मालिकेत हॅलोवीनचा खास भाग होता. अमेरिकेहून आलेली बंगल्याची नात भोपळे कोरून, मुखवटे वाटून पार्टी देते, असलं काहीतरी. आपल्याकडे भोपळ्याची भाजी करतात, पण मालिकावाल्यांना कोण सांगणार. “आज नका जाऊ,” रेणू म्हणाली. “या भागात रंगय्या सगळ्यांच्यात मिसळतो,” तो म्हणाला, “मुखवट्यांच्या गर्दीत खरं भूत कुणाला ओळखू येत नाही. एवढा भाग करू दे.” सप्टेंबरच्या मध्यावर तो गेला.

भेटायला आलेला अप्पाराव, स्टुडिओतला ध्वनिमुद्रक, दारातच रडला. जाताना म्हणाला, “वहिनी, हॅलोवीनच्या भागातलं निम्मं काम दौलतभाईनं केलं हौ. बाकीचं रितेश म्हणून नवा पोरगा आहे, त्यानं.” रेणूच्या मनात ते पक्कं बसलं. भागाच्या मधोमध मोठा ब्रेक असतो. म्हणजे ब्रेकपर्यंत आपला माणूस, ब्रेकनंतर रितेश. तिला ना शंका आली, ना तिनं विचारलं. दीड महिना ती त्या एका संध्याकाळवर जगली असं म्हटलं तरी चालेल. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी असताना गिऱ्हाईक नंबर सांगायचं आणि तिला तारीख ऐकू यायची. एकतीस ऑक्टोबर.

त्या शुक्रवारी ती आणि कॉलेजात जाणारी लेक स्वप्ना टीव्हीसमोर बसल्या. बंगल्यात पार्टी रंगली. मुखवटे घालून तीन चोर आत शिरले. तेवढ्यात गच्चीवरून रंगय्या ओरडला, “निघा! माझ्या दारातून निघा!” असा ओरडला की कपाटावरची बरणी थरथरली. रेणूनं तोंडात पदर कोंबला. तो आजारी पडायच्या आधीचा, भरलेल्या छातीचा आवाज होता. ब्रेक लागला तसा तिनं टीव्ही बंद केला.

“मम्मी, पूर्ण तर बघू दे ना.”

“नक्को. आता पुढं तो नाही.”

आणि मग तिनं मरणानंतर माणसं करतात तशी एक वेडी गोष्ट मनावर घेतली. दौलतचा फोन अजून चालू होता. त्यावर मालिकेच्या चाहत्यांचं एक पान होतं, लाखभर माणसांचं. दौलत ते गुपचूप वाचायचा. रेणू वाचायला बसली. चार वर्षं या लोकांनी त्याचा आवाज ऐकला होता. ब्रेकनंतर आवाज बदलला हे त्यांच्यापैकी एकाच्या तरी कानाला खटकलं असणार. एकानं तरी विचारावं, आधीचा माणूस कुठं गेला? तिला बाकी काही नको होतं. नाव नको, हार नको, एवढा एक प्रश्न हवा होता.

रात्रभर आणि शनिवारी दुकानातही ती वाचत राहिली. लोकांना भोपळ्याबद्दल बोलायचं होतं. नातीचा विग वाकडा होता. सणवार सोडून ही परदेशी थेरं कशाला, असं साठ जणांनी लिहिलं होतं आणि त्यांच्याशी साठ जण भांडत होते. एकीनं भोपळा कोरायला कुठली सुरी घ्यावी ते विचारलं होतं. आवाजाबद्दल अक्षर नाही. मग लातूरच्या कुणी सावित्रीबाईंचं लिहिणं सापडलं. ‘शेवटी रंगय्या पोरीशी हळू बोलला तेव्हा मला माझे सासरे आठवले. ते असंच दम खात बोलायचे. रडू आवरलं नाही.’

रेणूच्या डोक्यात तिडीक गेली. चार वर्षं माझ्या माणसानं घसा फोडला तेव्हा कुणाला सासरे आठवले नाहीत, आणि परवा आलेल्या रितेशसाठी रडू आवरत नाही? दुकानाच्या मागच्या खोलीत, लेन्सच्या खोक्यावर बसून, तिनं दौलतच्याच फोनवरून लिहिलं. ‘कान आहेत का तुम्हाला? ब्रेकनंतरचा रंगय्या खोटा आहे. आवाज बदललाय. ब्रेकच्या आधीचा खरा. ज्यांनी चार वर्षं ऐकलं त्यांनी नीट ऐका आणि सांगा.’

लोकांनी नीट ऐकलं.

रविवार सकाळपर्यंत तिच्या लिहिण्याखाली हजारभर माणसं जमली होती. ‘अरे हो, खरंच.’ ‘मला तेव्हाच वाटलं होतं,’ हे तर दर तिसऱ्याला वाटलं होतं. ‘ब्रेकआधी वाघ, ब्रेकनंतर शेळी.’ ‘हा कोण दमेकरी उचलून आणला?’ ‘चॅनलवाले, आमचा रंगय्या परत द्या.’ या शेवटच्या वाक्यावर रेणू ढसाढसा रडली. आमचा रंगय्या! कुणाला तरी तो हवा होता. मग ती खाली खाली जात प्रत्येक शिवीला अंगठा देत सुटली. कुणीतरी टीव्हीवरून फोननं टिपलेला एक तुकडा टाकला होता, वर लिहिलं होतं ‘दमेकरी भूत, ऐका आणि हसा’. रेणूनं तो ऐकला नाही. रितेशचा आवाज तिला ऐकायचा नव्हता. पण अंगठा दिला. सोमवारी तिथं चार हजार हसरे चेहरे झाले. लातूरच्या सावित्रीबाईंना इतकी नावं ठेवली गेली की त्यांनी आपलं लिहिलेलं काढून टाकलं.

“मम्मी, लाइट घे ना आता, सोडून दे,” स्वप्ना म्हणाली. “तो रितेश पण कुणाचा तरी पोरगा असेल. कायको त्याच्या मागं लागली तू?”

“त्याच्या मागं नाही लागले,” रेणू म्हणाली. “तुझ्या पप्पासाठी करते.” आणि तिला ते अगदी मनापासून खरं वाटत होतं.

मंगळवारी संध्याकाळी चॅनलनं पानावर निवेदन टाकलं. प्रेक्षकांच्या भावनांचा आदर करून हॅलोवीन भागातला ब्रेकनंतरचा रंगय्याचा आवाज बदलण्यात येत आहे. ब्रेकआधी ज्या कलाकाराचा आवाज आपल्याला आवडला, त्याच कलाकारानं हे काम नव्यानं केलं आहे.

रेणूनं ते एकदा वाचलं. मग स्वप्नाला मोठ्यानं वाचायला लावलं. पोरगी मराठी अक्षरं लावत लावत वाचते, त्यामुळे प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला. त्याच कलाकारानं. नव्यानं. पण ब्रेकआधी तर दौलत होता, आणि दौलतनं नव्यानं काय करायचं होतं?

बुधवारी तिनं दुकानात दांडी मारली आणि अकराच्या सुमारास स्टुडिओचे जिने चढली. अप्पाराव कानावरचा हेडफोन काढून उठला, खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

“ब्रेकच्या आधी कोण होतं?”

“कशाच्या आधी, वहिनी?”

“हॅलोवीनच्या भागात. निघा म्हणून ओरडलं ते कोण?”

“तो रितेश,” अप्पाराव म्हणाला. “ओरडायचं सगळं रितेशचं, दौलतभाईचं जुनं ऐकून ऐकून हुबेहूब काढलं त्यानं. आपल्याकडे भाग आहे तसा पहिल्यापासून शेवटपर्यंत थोडाच भरतो? हळू बोलायचं आधी भरून घेतो, ओरडायचं सगळ्यात शेवटी. घसा फुटला की हळू बोलता येत नाही ना. दौलतभाईनं त्या दिवशी सगळं हळू बोलायचं केलं. ते सगळं ब्रेकनंतर होतं, पोरीबरोबरचं. ओरडायच्या वेळी त्याला श्वासच पुरेना. मी बोललो, राहू दे भाई, उद्या करू. तुम्हाला मालूम असेल वाटलं मला.”

मालूम होतं. ओरडायचं काम शेवटी ठेवतात, हे तिला चार वर्षं मालूम होतं. मिठाच्या पाण्याचे तांबे काय तिनं उगाच पुढं केले होते? ज्या आरोळीवर ती रडली ती रितेशची होती. ज्या आवाजाला शेळी म्हणवलं, दमेकरी म्हणवलं, ज्याच्यावर हजारो माणसं सोडली, तो तिचा नवरा होता. आणि तिनं तो ऐकलासुद्धा नव्हता. टीव्ही बंद केला होता तिनं.

“थांबवा ते,” ती म्हणाली. “बदलू नका. ते पान, ते लिहिणं, सगळं मी केलंय. मी सांगते त्यांना, मी चुकले म्हणून. फोन लावा चॅनलला.”

“वहिनी, फाइल काल रात्रीच गेली. ॲपवर आज सकाळी नवीन चढली.”

“मग जुनी द्या मला. मला ऐकायची आहे फक्त. दहा मिनिटं द्या.”

अप्पाराव यंत्रासमोर बसला. बराच वेळ शोधत राहिला, उगाच शोधत राहिला हे तिला त्याच्या मानेवरून कळत होतं. जागा नसते म्हणून जुनं पुसून नवं काम त्याच फाइलवर चढवायची त्यांची पद्धत. रितेशचं नवं काम दौलतच्या कामावर चढलं होतं. “चॅनलवाले बोलले, लोक नाराज आहेत, आजच्या आज द्या,” अप्पाराव हलकेच म्हणाला. “मी भांडलो हौ वहिनी. मी बोललो, हा माणूस वारलाय, हे त्याचं शेवटचं काम आहे. ते बोलले, प्रेक्षक सगळ्यांच्या वर आहेत.”

रेणूनं त्याच्या टेबलाची कड धरली. “अप्पारावभाऊ, पाया पडते तुमच्या. कुठंतरी असेल.” खरोखरच ती खाली वाकली आणि त्या बिचाऱ्यानं तिला दोन्ही हातांनी धरून उभं केलं. कुठंही नव्हतं.

जिन्यात उतरताना तिला तो तुकडा आठवला.

ती तिथंच पायरीवर बसली. खालच्या झेरॉक्सच्या दुकानातलं यंत्र चालू होतं. तिनं दौलतचा फोन काढला आणि पान उघडून खाली खाली गेली. ‘दमेकरी भूत, ऐका आणि हसा’. आपला अंगठा तिथं निळा दिसत होता. तिनं फोन कानाला लावला.

आधी कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी. मग एक बाई म्हणाली, “ऐक ऐक, आता बघ.” मग श्वास. शब्द यायच्या आधीच रेणूनं त्याला ओळखलं. हॉस्पिटलात सतरा रात्री तिनं हा श्वास मोजला होता. नातीला वाटत असतं की हा मुखवटा घातलेला कुणी पाहुणा आहे, आणि तो तिला सांगतो, “कडी घाल, पोरी.” श्वास. “घाबरू नको.” श्वास, लांब. “मी बाहेरच आहे.” आणि त्यावर एक पुरुष आणि ती बाई खो खो हसतात, आणि तुकडा संपतो.

तिनं तो अकरा वेळा ऐकला. प्रत्येक वेळी शेवटी ते हसले. हसू कापून टाकता येतं का ते तिला माहीत नव्हतं, आणि कापताना त्याचा एखादा श्वास गेला तर?

मग तिच्या लक्षात आलं की ज्यानं हा तुकडा टाकलाय तो उद्या काढूनही टाकेल. भांडण संपलं, आता कशाला ठेवतोय तो. फोनवर उतरवून कसा घ्यायचा ते तिला येत नव्हतं आणि स्वप्ना कॉलेजात होती, फोन उचलत नव्हती. रेणूनं खाली लिहिलं. ‘कृपा करून हे काढू नका. हा माझ्या नवऱ्याचा आवाज आहे. ते वारले. चार वर्षं तेच रंगय्या होते. ब्रेकनंतरचा आवाज खोटा म्हणून मीच लिहिलं होतं, मी चुकले. त्यांच्या शेवटच्या कामातलं दुसरं काही कुठं उरलेलं नाही. पाया पडते, काढू नका.’

पहिल्यांदा एक हसरा चेहरा आला. सवयीनं आला असावा. मग दुसरा. तिनं फोन गुडघ्यांवर धरून ठेवला आणि पाहत राहिली. दहा मिनिटांनी कुणीतरी लिहिलं, आणि ते लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

‘ताई, हे जुनं आहे. ॲपवर नवीन टाकलंय, ते ऐका. एकदम ओरिजिनल आवाज आहे. तुमच्या मिस्टरांचाच असेल.’