नायकाच्या पाठीवरचं कापड

माझी मुलगी हैदराबादला संगणकावर कापड हलवायची. इकडे हिंदी मुलखात, अवधपुरीतल्या माझ्या शेजारणींना हे काही केल्या समजायचं नाही. मग मी सांगायचे, "वो उड़नेवाले हीरो होते हैं ना, उनकी पीठ पर जो कपड़ा फड़फड़ाता है, वो असली नहीं होता. वो मेरी बेटी बनाती है." त्या माना डोलवायच्या आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायच्या.

लहानपणी तिला या सिनेमांचं भारी वेड. तिचे बाबा कारखान्यातून पहिल्या पाळीहून आले, की दोघं स्कूटरवरून थेट टॉकीजला. मी कधी गेले नाही. माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकलेले असायचे. पुढे हे वारले, ती नोकरीला लागली, आणि घर एकदम मोठं झालं. दिवस दिवस मी कोणाशी बोलायचे नाही. भाजीवाल्याशी हिंदीत काय बोलेन तेवढंच; मराठीत एक शब्द न बोलता महिना निघून जायचा.

एका सकाळी तिचा फोन आला. "आई, ओली रेशमी साडी वाऱ्यात कशी हलते गं?"

"जड हलते. आधी काठ उचलतो, मग बाकीची साडी त्याच्या मागून जाते, नाइलाजाने गेल्यासारखी."

"दाखव ना मला."

मी लग्नातली साडी बादलीत बुडवली. शेजारीण मोबाइल धरून गच्चीवर आली. "भाभीजी, तबीयत तो ठीक है?" तिने विचारलं. साडी दोन्ही हातांनी वर धरून मी वाऱ्याची वाट पाहत उभी राहिले. खांदे भरून आले. व्हिडिओ पाठवला आणि लेकीचं लगेच उत्तर आलं, "हेच हवं होतं."

त्यानंतर चार महिने ती जवळजवळ रोज फोन करायची. नायक पावसात आपल्या मेलेल्या भावाला उचलून घेतो, एवढाच प्रसंग. त्याच्या पाठीवरच्या भिजलेल्या कापडाचं काम तिच्याकडे होतं. अस्तर लावलं तर घडी कशी पडेल, मुरगळलेलं कापड सुटताना कुठून सुटतं, असलं काहीबाही ती विचारायची. तिच्या आयुष्यात माझा इतका उपयोग कित्येक वर्षांत झाला नव्हता.

सिनेमा लागला तेव्हा मी आठवड्याच्या मधल्या वारी दुपारच्या खेळाला एकटीच गेले. हॉलमध्ये जेमतेम सात-आठ माणसं. पुढच्या रांगेत कॉलेजच्या दोन मुली होत्या. सुरुवातीलाच एक म्हणाली, "यार, अब फिर से शहर टूटेगा." आणि शहर तुटलंच. इमारती पडल्या, आभाळ फाटलं, मग दुसरं शहर तुटलं. कोणाला काहीच लागत नव्हतं, म्हणून मला कोणाची काळजीही वाटेना. मी डोळे ताणून पाऊस कधी येतो ते पाहत होते. जाग आली तेव्हा पडद्यावर नावं वर चढत होती. त्या मुली केव्हाच उठून गेल्या होत्या. इतकी नावं, इतकी बारीक अक्षरं. तिचं नाव मला सापडलं नाही.

संध्याकाळी मी फोन केला. "पाहिला गं. पावसातलं ते कापड काय सुंदर झालंय! अगदी आपल्या साडीसारखं."



"आई, तो प्रसंग सिनेमात नाहीये. काढून टाकला. लोकांना कंटाळा येईल म्हणाले, त्या जागी मारामारी घातली."

माझा चेहरा एकट्या घरात तापला. "मला झोप लागली होती," मी म्हटलं. "खोटं बोलले."

ती हसायला लागली. खूप दिवसांनी इतकी हसली. मग हसता हसता तिला रडू फुटलं. "मलाही हल्ली झोपच येते गं. मी तो पाहिलाच नाही. आता असला एकही सिनेमा नाही पाहत."

"मग तो तुकडा मला तरी पाठव."

"पाठवता येत नाही. तो कंपनीचा आहे."

"मग सांग. तोंडानं सांग."

ती सांगायला लागली. मी दिवा न लावता ओट्याशी टेकून ऐकत होते. भाऊ हातांवर आहे, नायक हलत नाही, पाऊसही थांबलाय. फक्त पाठीवरच्या कापडातून पाणी निथळतं आहे, आणि एकदाच, अगदी थोडा, काठ उचलतो. बस. "तेवढ्यासाठी चार महिने," ती म्हणाली. टॉकीजमधल्या अडीच तासांत माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या हातातलं काम संपलं आणि नवं आलंच नाही. आता ती टाइल्सच्या जाहिराती करते. पगार बरा आहे, वेळेवर घरी जाते. फोन रविवारी करते. जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढं विचारते. कापडाबद्दल मात्र काही विचारत नाही, आणि आपणहून सांगावं असं माझ्याकडेही काही नसतं.