आठव्या दिवसाचा डाग

भिंगांच्या त्या कारखान्यात खाली घासायची चाकं होती आणि वर आकडेमोडीची खोली. खाली थोरला भाऊ बसायचा, वर धाकटा. मध्ये सतरा पायऱ्यांचा लोखंडी जिना. त्या सतराच्या सतरा पायऱ्या कुणीतरी आपल्या छातीवर रचून ठेवल्यात, असं थोरल्याला वाटायचं.

सव्वीस वर्षं त्याने काच घासली होती. राळेच्या साच्यावर ओली पावडर घालून, भिंग हलक्या हाताने फिरवत, तो अशी झळाळी काढायचा की समोर काच आहे हे बोट लावल्याशिवाय कळू नये. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. मग धाकटा शिकून आला. कुठली काच कुठे बसवायची, तिला बाक किती द्यायचा, हे तो वर बसून ठरवू लागला. एके सकाळी फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्याने थोरल्याकडे बोट दाखवून कुणाला तरी सांगितलं, "ते ना? ते गणित्याचे भाऊ."

तेव्हापासून त्याच्या पोटात जे दुखू लागलं, ते थांबलं नाही.

त्या वर्षी बंदरावर बसवायच्या दुर्बिणींचं काम आलं. धाकट्याने सगळ्यात पुढच्या भिंगासाठी काचांच्या गुणधर्मांच्या तक्त्यातून एक वेगळीच काच निवडली. तिच्यातून पाहिलं की वस्तूच्या कडेला रंगाची किनार उरत नव्हती. साहेबांनी नमुना डोळ्याला लावला आणि धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. नमुन्याचं भिंग थोरल्याने घासलं होतं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

घरी बायको म्हणाली, "भावजींचं फार कौतुक झालं म्हणे आज."

"झालं असेल."

"मग तुमचं तोंड असं का?"

"तोंड तेच आहे. सव्वीस वर्षं तेच आहे."

"नाही हो, आधी बरं होतं."

पण काचेबद्दल थोरल्याचा हात त्याला काहीतरी सांगत होता. ती चाकावर भराभर झिजायची. धुऊन ठेवलेल्या तुकड्यावर एक थेंब वाळला, तर तिथे पुसट कडं उमटलं. तेव्हा त्याने घासणाऱ्यांची जुनी परीक्षा घेतली. काचेच्या तुकड्यावर घामेजला अंगठा दाबला, तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डबीत ठेवला आणि चिठ्ठीवर तारीख लिहून तीही आत ठेवली. आठव्या दिवशी डबी उघडली. पाण्यावर तेल पसरावं तसा निळाजांभळा डाग पडला होता. पुसला, जाईना. तो काचेवर नव्हताच, काचेत होता. घामातल्या आंबटपणाने आणि ओलीने काचेचं अंगच खाल्लं होतं. बंदराच्या खाऱ्या, दमट वाऱ्यात उघड्यावर राहिलेलं हे भिंग दोन पावसाळेही टिकलं नसतं. सवयीने त्याने चिठ्ठीवर पुढे लिहिलं: आठव्या दिवशी डाग.

तो जिना चढू लागला. तिसऱ्या पायरीवर असताना वरून साहेबांचं हसणं आलं, "तुझं डोकं म्हणजे ना!" थोरला तिथूनच परत फिरला. पडू दे एकदा तोंडावर, तो मनाशी म्हणाला.

त्याने मिठाची गुळणी धरली आणि पुढचे दोन आठवडे तीच काच घासली. चाळीस भिंगं केली. उद्या कुणी त्याच्या कामाला बोट लावू नये म्हणून एकेक भिंग असं काढलं की आयुष्यात तसं काढलं नव्हतं. आपण विषाला चांदीचं ताट घासतोय, हे त्याला कळत होतं. हात मात्र थांबत नव्हता.

चाळिसावं भिंग झालं त्या दुपारी साहेब तपासायला खाली आले, मागून धाकटा आला. साहेब म्हणाले, "आता जोडणीला पाठवू."

"एक मिनिट," थोरला म्हणाला आणि त्याने डबी मेजावर उघडली. "हीच काच. नुसता अंगठा लावला होता."

साहेबांनी तुकडा उजेडात धरला. त्यांचा चेहरा उतरला. "वरून संरक्षक थर दिला तर?"

"थराला बारीक ओरखडा पडला की ओल आत शिरणारच," थोरला म्हणाला.

त्याने भावाकडे पाहिलं. हाच क्षण त्याला हवा होता. धाकटा पांढराफटक पडला होता. पण तो डागाकडे पाहत नव्हता. डबीतली चिठ्ठी, तिच्यावरची तारीख वाचत होता. त्याने वर पाहिलं, भावाच्या डोळ्यांत पाहिलं आणि चिठ्ठी मुठीत घेतली.

"चूक माझी," तो साहेबांना म्हणाला. "तक्त्यात शेवटी टिकाऊपणाचे आकडे असतात. मी रंगाच्या आकड्यांवर भाळलो आणि तिथवर गेलोच नाही. ही काच आत घ्यायला हवी, दोन कठीण काचांच्या मध्ये, बंद करून. सगळे बाक बदलतील. ही चाळीस वाया गेली. दादाने पकडलं म्हणून, नाहीतर बंदरावर अब्रू गेली असती."

"शाबास मिस्त्री," साहेब म्हणाले.

सव्वीस वर्षांत शाबासकी मिळाली, ती अशी. थोरल्याच्या अंगाची लाहीलाही झाली. गणित याचं, नाव याचं, आणि आता मोठेपणाही यानेच घ्यायचा? चूक कबूल करतानासुद्धा हा आपल्याहून उजळ दिसतो?

"चिठ्ठी दे," तो म्हणाला.

"कसली चिठ्ठी, दादा?"

"मूठ उघड."

"राहू दे ना."

"तुझ्या उपकारावर मी एक दिवस काढणार नाही!" थोरल्याने त्याची मूठ ओढून उघडली आणि चुरगळलेला कागद साहेबांसमोर ठेवला. "वाचा. दोन आठवड्यांपूर्वीच मला कळलं होतं. या चाळिसांतलं एकही भिंग घासलं नव्हतं तेव्हा."

खालची सगळी चाकं थांबली होती. साहेबांनी चिठ्ठी वाचली. "मग बोलला का नाहीस?"

"काच याने निवडली होती म्हणून."

साहेबांनी चिठ्ठी परत मेजावर ठेवली. मग म्हणाले, "यापुढची भिंगं आता दुसरा कुणी घासेल. तू चाकावर बसू नकोस काही दिवस." आणि ते निघून गेले.

धाकटा तिथेच उभा होता. "कशाला सांगितलंस, दादा? मी निभावून नेलं होतं."

"तेच सोसवलं नाही," थोरला म्हणाला आणि चाकावरची पावडर पुसू लागला.