देणाऱ्याचा घोट

आप्पा लिव्हरनं गेले म्हटल्यावर गावानं एकच अर्थ काढला. तोंडावर कुणी बोललं नाही, पण मातीला आलेली माणसं गोठ्याच्या कडेला उभी राहून एकमेकांना हळूच विचारत होती, "दारू होती व्हय?" माझ्या बापानं आयुष्यात दारूला हात लावला नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या तोंडाला वास आला तरी ताट उचलून दुसरीकडं जाऊन बसायचे. म्हणून हे लिहायला बसले. राग शांत व्हायची वाट बघितली असती, तर कधीच लिहून झालं नसतं.

कानडी मुलखाच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यापासून थोडं आत आमचं गाव. आप्पा शेती करायचे आणि मुतखड्याचं औषध द्यायचे. कुंपणावर वाढणारी एक वेल, तिचा काढा, तीन सकाळी उपाशीपोटी. वेलीचं नाव मी इथं सांगणार नाही. सांगितलं तर उद्या निम्मा तालुका ती उपटून चुलीवर चढवेल. कागल, संकेश्वर, चिकोडीकडून माणसं यायची, कमरेवर हात दाबून, वाकून चालत. आप्पा कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. फक्त आजोबांपासून चालत आलेली एक रीत होती, ती मोडायची नाही. देणाऱ्यानं आधी घ्यायचं. पेला रोग्याच्या हातात द्यायच्या आधी त्यातला एक मोठा घोट आप्पा त्याच्या डोळ्यांदेखत घ्यायचे, मिशा पुसायचे आणि म्हणायचे, "घ्या आता. भ्या न्हाय." लहानपणी मला याचा लई अभिमान होता. शाळेत मैत्रिणींना विचारायची, तुमचा डॉक्टर तुमच्याआधी गोळी गिळतो काय गं?

पुढं मी बेळगावात औषधशास्त्राच्या संशोधनाला लागले. विषय ठरवायची वेळ आली तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, घरचंच औषध घे, उंदरांवर त्याची सुरक्षितता तपासू. आप्पांना हे सांगितलं तर त्यांना कोण आनंद. वेल काढून, सावलीत वाळवून, पोतं स्वतः बसनं घेऊन आले. प्रयोगशाळेच्या दारात माझ्या हातात पोतं देताना म्हणाले, "उंदरास्नी कडू लागंल गं. जरा गूळ घाल." मी हसले. कडू लागायचा प्रश्नच नव्हता. बोथट, वाकडी सुई उंदराच्या घशातून सरळ पोटात उतरवतात, जिभेला काही कळतच नाही.

पहिली चाचणी एकाच मोठ्या मात्रेची होती, रोग्याच्या तीन सकाळींच्या कितीतरी पट. पांढरे उंदीर दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात मजेत खात होते. एकही दगावला नाही. मी आप्पांना फोन केला, "पास झालं बघा." मग काय विचारता, येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत सुटले, माझ्या लेकीनं मशिनीवर बघितलंय. लेकीनं मशीन नव्हतं बघितलं, उंदीर बघितले होते, पण तो आनंद मोडायला मला जमलं नाही.

दुसरी चाचणी रोज मात्रा द्यायची होती, आठवड्यामागून आठवडे. त्यात उंदरांचे केस विस्कटले. खाणं तसंच उरायला लागलं. शेवटी त्यांना मारून पोट उघडलं. उंदराचं यकृत निरोगी असलं की गर्द तांबडं, गुळगुळीत असतं. हे फिकं, ठिपक्याठिपक्यांचं निघालं. एकाचं नव्हे, त्या गटातल्या जवळजवळ सगळ्यांचं. आधी मला रोग्यांची धास्ती वाटली. मग आठवलं, रोगी तीनच सकाळी घेतात. तेवढ्यानं काही होत नाही, हे तर आपणच तपासलंय. रोज कोण घेतं? रोज सकाळी, येईल त्या प्रत्येकाच्या पेल्यातला घोट, वर्षानुवर्षं घेणारा माणूस सबंध मुलुखात एकच होता.

मॅडमनी खांद्यावर हात ठेवून आणखी काही पिंजरे दाखवले. त्या उंदरांना आधीच तेवढेच दिवस काढा दिला होता, आणि मग काही आठवडे बंद करून नुसतं ठेवलं होतं. लगेच त्यांचीही यकृतं बघितली, तर जवळजवळ पूर्ववत झालेली. बंद केलं की सुधारतं. एवढं एक वाक्य घेऊन मी त्याच दिवशी गावची बस धरली.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोग्यांचं काय?"

"त्यांस्नी काय होत न्हाय आप्पा. तुमास्नी होतंय."

"मग काय न्हाय," म्हणाले, आणि जनावरांना वैरण टाकायला उठले. असा संताप आला मला. ओढूनच त्यांना बेळगावला आणलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, लिव्हर बिघडलेलं निघालं. डॉक्टरांनी कागद बघत कानडीत विचारलं, "कुडीतीरा?" म्हणजे पिता का. आप्पांना कानडी चांगलं यायचं. मान खाली घालून त्यांनी नाही म्हटलं, आणि डॉक्टरांचा विश्वास बसला नाही हे आम्हा दोघांनाही दिसलं. परतीच्या बसमध्ये काकती गाव मागं पडलं. मग म्हणाले, "बंद करतो."

आणि केलं. काढा द्यायचे, स्वतः घ्यायचे नाहीत. पण माणसं पेला हातात धरून त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. कुणी नुसता ओठाला लावून खाली ठेवायचं. कुणी, उद्या येतो आप्पा, म्हणून उठायचं ते येतच नसे. मी म्हटलं, सगळ्यांदेखत एकच घोट घ्या, तेवढ्यात भागवा. तर म्हणाले, "पेला ज्याचा त्याचा असतोय गं." हळूहळू सकाळचं अंगण रिकामं पडायला लागलं. पुढचा रिपोर्ट मात्र बरा आला. त्या रात्री गावच्या घरात कितीतरी दिवसांनी मला नीट झोप लागली.

त्याच्या दुसऱ्याच सकाळी गडहिंग्लजकडून एक बाई आली. वेदनेनं तोंड पांढरं पडलेलं, बसवतही नव्हतं. आप्पांनी पेला दिला. तिनं तो धरला आणि म्हणाली, "आप्पा, तुमी घ्या की आधी. माझ्या जावेनं सांगितलंय, आप्पा आधी घेत्यात."

आप्पा काही बोलायच्या आत मी पेला तिच्या हातातून घेतला आणि एक घोट घेतला. काय कडू होता. इतकी वर्षं घरात असून मी तो कधी चाखला नव्हता.

"तुमी न्हाय ओ ताई," ती म्हणाली. "आप्पांनी."

आप्पांनी माझ्या हातातला पेला घेतला. मी म्हटलं, "आप्पा, नगा." ते म्हणाले, "बाई कवापास्नं उभी हाय गं." घोट घेतला, मिशा पुसल्या. "घ्या आता. भ्या न्हाय." तिनं डोळे मिटून पेला रिकामा केला.

त्या सकाळपासून अंगण पुन्हा भरलं. मी भांडले, रडले, जेवायचं सोडलं. ते ऐकून घ्यायचे आणि सकाळी उठून काढा उकळायचे. पाय सुजले, पोटात पाणी झालं, तरी ओट्यावर बसून पेले देत होते.

मातीला ती बाई आली होती. मी तिला लांबूनच ओळखलं. गर्दी पांगल्यावर माझ्याजवळ आली, हात हातात घेतला आणि कळवळून विचारलं, "दारू होती व्हय ओ, ताई?"

मी न्हाय म्हटलं. पुढचंही सांगणार होते, अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात तिनं कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझा खडा पडला बघा. तिसऱ्याच दिवशी."