पाच मधाचे, सात पाण्याचे

बेकरीतल्या मावशींना काट्यावरचे आकडे दिसेनासे होऊन दोन वर्षं झाली होती. कुणाला त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. एकतीस वर्षं ज्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, तो ओटा सुटेल, एवढीच धास्ती. साचे हाताच्या ओळखीचे होते, भट्टी अंगाच्या. केक झाला की नाही ते नाक सांगायचं.

मध त्या अर्ध्या लिटरच्या जुन्या पितळी मापानं घ्यायच्या. आधी मापाला आतून तेलाचा हात फिरवायचा. मग मध भांड्याला चिकटून बसत नाही, सगळा सुटतो.

मालकांच्या जावयानं कारभार हाती घेतला. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. सगळे त्याला जावईबापू म्हणत. केकच्या कागदावर होतं : एका घाण्याला मध सातशे ग्रॅम. त्यानं नवा प्लास्टिकचा जग आणला आणि सातशे मिलिलिटरवर बारीक लाल रेघ ओढली.

"मावशी, इथपर्यंत भरायचं. वजनाची कटकटच नको."

पहिला जग त्यानंच भरून हातात दिला. मावशींचं मनगट खाली गेलं.

"बापू, जास्त होतोय."

"रेघ चुकत नाही मावशी, हात चुकतो."

चौदा केक काळपट निघाले. मधे खचलेले, बुडाला चिकटलेले. नंतरचे जग मावशींनी भरले होते, तेव्हा दोष कुणाचा हे ठरायला वेळ लागला नाही.

"तुम्हाला दिसत नाही ना?" जावईबापूचा आवाज उलट मऊ झाला. "उद्यापासून खोकी बांधायला बसा. बसून काम, आराम पडेल."

झाकली मूठ उघडली होती. मावशींनी हात पुसले.

"नाही दिसत. म्हणून आकडा तुम्ही वाचा."

त्यांनी रिकामा जग काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणायला लावला. "आता तुमच्या रेघेपर्यंत ओता. किती?"

"नऊशे..." तो थांबला. "नऊशे ऐंशी."

"घालायचा होता सातशे. लिटर म्हणजे किलो, हे पाण्याचं. मध पाण्याइतका हलका असता, तर माशा एवढ्या कशाला खपल्या असत्या?"

कुणीतरी खुदकन हसलं.

"पाच मधाचे, सात पाण्याचे," मावशी म्हणाल्या. कामाला लागल्या त्या वर्षी बेकरीत दोन पारड्यांचा तराजू होता. एकात पाच पेले मध, दुसऱ्यात सात पेले पाणी, की दांडी सरळ. पाठ करायला तेवढं पुरलं होतं.

त्यांनी पितळी मापाला तेल लावलं, बोट कडेवर ठेवून काठोकाठ भरलं आणि काट्यावरच्या रिकाम्या वाडग्यात निथळू दिलं.

"किती?"

"सहाशे अठ्ठ्याण्णव."

"दोन ग्रॅम मापानं खाल्ले. एकतीस वर्षं खातंय."

जावईबापूनं जगातला मध डब्यात परत ओतला. पलीकडून खोकीवालीनं हाक मारली, "मावशी, उद्यापासून इकडे येताय ना?"

"नाही येत त्या," त्यानंच उत्तर दिलं. सुरीनं लाल रेघ खरवडून काढली. रंगाची डबी उघडली.

"कुठे ओढू?"

"पाचशेवर," मावशी म्हणाल्या. "आणि जरा जाड ओढा बापू. मला दिसली पाहिजे."