कपाटातली कुजबुज

चष्मेवाल्या पोराच्या कपाटात बाई आहे, ही बातमी आमच्या जिन्यावर इस्त्रीवालीने आणली. तिने भिंतीला कान लावून ऐकलं होतं. पोरगा खोलीचं दार लावतो, कपाट उघडतो, आणि मग आतून लोण्यासारखी कुजबुज: "तू जवळ आहेस, मग मला भीती कसली?" असलं काही कुणाच्या पोटात राहतं का? संध्याकाळपर्यंत त्या बाईचा रंग, उंची, सगळं ठरून गेलं. मीही तिला कुरळे केस देऊन टाकले.

पोरगा तसा गरीब गाय. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि घरी आत्याची बोलणी खायची. देवापुढे त्याचे हात कधी जुळले नाहीत, हे आत्याचं जुनं दुखणं. ती रोज सकाळी फोनवर कुठल्याशा ॲपवरची प्रार्थना लावायची आणि त्याला सुनवायची, "बघ, याला म्हणतात संस्कार. नाहीतर तू, मेल्या नास्तिका." तो चहा ढवळत बसायचा.

त्याचं लग्न ठरलं होतं, दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या मुलीशी. बातमीला पाय फुटले आणि ती तिथवरही पोचली. मुलीच्या मावशीने लग्न मोडा म्हणून धोशा लावला. मुलीने रडारड केली नाही की भांडण नाही. सुट्टीच्या दिवशी आली, तडक त्याच्या खोलीत शिरली आणि कपाटाचं दार ओढलं.

आत रजया, कोट, आणि त्यांच्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला हा. तोंडासमोर फोन.

"रजयांमुळे रस्त्याचा आवाज येत नाही," तो पुटपुटला आणि ॲपचं सगळं सांगून मोकळा झाला.

"देव मानतोस?"

"ठाऊक नाही. पण हे वाचताना बरं वाटतं. ऐकून झोप लागली, असं माझ्या वयाची मुलं लिहून पाठवतात."

तिने रजया बाजूला सारल्या. मग म्हणाली, "सरक," आणि आत बसून दार ओढून घेतलं.

कपाटात दोघं आहेत हे कळल्यावर आत्या तावातावाने आली. तेवढ्यात आतून तिची रोजची सकाळची प्रार्थना सुरू झाली, त्याच आवाजात. ओरडायला उघडलेलं तोंड तिने मिटलं आणि कपाटासमोर हात जोडून उभी राहिली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. ती मुलगी शिरण्याआधी कपाटात कुठलीच बाई नव्हती. पोरगा ॲपसाठी प्रार्थना वाचून आपला आवाज फोनमध्ये भरत होता.