नाशिकला भेटलेली राणी

सिन्नर मागे पडलं तेव्हा एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवीतली द्राक्षं माझ्या ओंजळीत ठेवली आणि कुठे निघालात म्हणून विचारलं. नाटक बघायला, मी म्हटलं. सांगलीहून इतक्या लांब कोणी नाटकासाठी येतं हे त्यांना काही पटेना. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलं नव्हतं. नाटक म्हणजे आपल्याच घरचं, अशी आपल्या सांगलीकडे समजूत. पण माझी मैत्रीण सुलभा लग्न होऊन नाशिक रोडला गेली आणि तिथल्या हौशी मंडळात रमली. सातपूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचं ते मंडळ. जिल्ह्यातल्या गावोगावच्या जुन्या नटांना बोलावून त्यांचा एकेक प्रवेश करायचं त्यांनी ठरवलं होतं. ‘ये तर खरी,’ असं सुलभा फोनवर म्हणाली, म्हणून नव्वदच्या दशकातल्या त्या जानेवारीत मी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पापडासोबतची झणझणीत मिसळ खाऊन आम्ही जीपने सटाण्याकडे निघालो. तिथल्या एका खेड्यातून दगानाना नावाच्या म्हाताऱ्या नटाला आणायचं होतं. चांदवड ओलांडल्यावर डोंगरांचे सुळके दिसू लागले आणि हवेत कांद्याचा वास भरला. देवळ्याच्या अलीकडे टायर पंक्चर झालं, त्यामुळे पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

दगानाना उंच, सडपातळ, हात मात्र थरथरणारे. तरुणपणी गावच्या जत्रेतल्या नाटकांत ते राणी व्हायचे. मग मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत कोणीतरी ‘लुगडं नेसणारा व्याही’ म्हणून हसलं. सोयरीक जुळली, पण नानांनी पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. मंडळाने फार गळ घातली म्हणून आता या एका प्रवेशाला ते तयार झाले होते. हे सगळं त्यांनीच सांगितलं, भाकरी मोडता मोडता. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा त्यांच्या पत्नी, जिजी, वाढत होत्या. बायकोने नवऱ्याला लुगड्यात बघायचं कसं, म्हणून त्यांनी नानांचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. आम्ही उठलो तेव्हा मात्र त्यांनी पायांत चपला घातल्या.

“तू कथी?” (तू कुठे?) नानांनी विचारलं.

“माले बी देखनं शे,” (मलाही बघायचं आहे) त्या म्हणाल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

कार्यक्रम सातपूरच्या एका सभागृहात होता. संध्याकाळी पाळी सुटली तशी माणसं थेट कामाच्या कपड्यांत येऊन बसू लागली. सुलभाला सूत्रसंचालन करायचं होतं, म्हणून नाना-जिजींना माझ्यावर सोपवून ती रंगमंचावर गेली. तेवढ्यात निरोप आला की लुगडं नेसवणाऱ्या गृहस्थांना कारखान्यात जास्तीच्या कामावर थांबवलंय.

नाना स्वतः निऱ्या घालू लागले. पण बोटं थरथरत होती, निरी जमून यायची आणि सुटायची. मी पुढे झाले तेव्हा ते संकोचून मागे सरले. लेकीच्या वयाच्या परक्या बाईने लुगडं नेसवायचं हे त्यांना नको होतं. बाहेर त्यांचं नाव पुकारलं गेलं. नानांनी लुगडं गोळा करून खुर्चीवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, ताई. झालं ते झालं.”

जिजी इतका वेळ दाराशी आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्या आत आल्या, दार लोटलं.

“सरका, मी नेसाडस.” (मी नेसवते)

त्या गुडघ्यांवर बसल्या. निऱ्या घातल्या, कासोटा ओढून खोचला, पदर काढला. नाना छताकडे बघत लहान मुलासारखे उभे होते. उठल्यावर जिजींनी नवऱ्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि स्वतःच्या कपाळाच्या कुंकवाला बोट लावून त्यांच्या कपाळावर टेकवलं.

मुलाला रणावर धाडणाऱ्या राणीचा तो प्रवेश. नाना पहिलं वाक्य बोलले आणि त्यांचा आवाज फाटला. मागच्या रांगांतली काही पोरं हसली. नाना थांबले. मग समोर नसलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवावा तसा त्यांनी हात पुढे केला, आणि तो थरथरणारा हात पाहून हसणं आपोआप विरलं. पुढचं बोलणं त्यांनी जवळजवळ कुजबुजत केलं. एक वाक्य गाळलंसुद्धा. पण शेवटच्या रांगेतही कोणी हललं नाही. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. विंगेत माझा हात धरून उभ्या असलेल्या जिजी एवढंच म्हणाल्या, “इतला वरीस लोकस्नी देखं. मीच नही देखं.” (इतकी वर्षं लोकांनी पाहिलं, मीच पाहिलं नाही.)

दुसऱ्या दिवशी स्टँडवर मी त्यांना सटाण्याच्या गाडीत बसवून दिलं आणि मग पुण्याची गाडी धरली. सांगलीत अजूनही सगळे विचारतात, तिकडची नाटकं कशी असतात? मी त्यांना राणीचा प्रवेश सांगते, आणि स्टँडवर पाहिलेलं सांगते. सटाण्याच्या गाडीला गर्दी होती. नानांच्या कानामागे थोडा रंग राहिला होता. जिजींनी पदराचं टोक ओलं केलं आणि सगळ्या गाडीदेखत, सावकाश, तो पुसून काढला. कोण बघतंय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.